प्रॅक्टिस चालू ठेवून फॅमिली मेडिसिनमध्ये मास्टर्स कसं करायचं

दहा-बारा वर्षं प्रॅक्टिस झाली की बऱ्याच डॉक्टरांना आतून वाटायला लागतं की आता परत काहीतरी नीट बसून शिकायला हवं. मलाही वाटलं, आणि मी क्लिनिक चालू ठेवूनच मास्टर्स पूर्ण केलं. करताना जे जे कळलं ते इथे लिहितेय, कारण सुरुवातीला मला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं आणि त्यात माझे बरेच महिने गेले.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. फॅमिली मेडिसिन या एकाच नावाखाली दोन वेगळे रस्ते आहेत. एक रेसिडेन्सीचा, म्हणजे वॉर्ड, ड्यूट्या, परीक्षा आणि शेवटी स्पेशालिस्ट म्हणून मान्यता. दुसरा अ‍ॅकॅडमिक मास्टर्सचा, तिथे तुम्ही डॉक्टर आहात हे धरूनच चालतात आणि रिसर्च कसा करायचा, शिकवायचं कसं, आपल्या विषयाचा पाया काय हे शिकवतात. दुसरा केला म्हणून नावापुढे स्पेशालिस्ट लावता येईलच असं नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा, आणि त्या डिग्रीचं रजिस्ट्रेशन होतं की नाही हे फी भरायच्या आधी तुमच्या मेडिकल कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. मी पुढे जे लिहितेय ते दुसऱ्या रस्त्याबद्दल आहे.

कोर्स बघताना ब्रोशरपेक्षा तिथून पास झालेल्या दोन जणांशी फोनवर बोला. पार्ट टाइम म्हणजे प्रत्यक्षात आठवड्याला किती तास, समोरासमोर किती दिवस हजर राहावं लागतं, थिसिस आहे की छोटा प्रोजेक्ट, हे सगळं विचाराच, पण मुख्य म्हणजे हे विचारा की लिहिलेलं चॅप्टर गाईडकडून किती दिवसांत परत यायचं. प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाचा कोर्स तिथेच रखडतो, कारण दोन महिने चॅप्टर परत आलं नाही की आपण परत ओपीडीत बुडून जातो आणि मग धागा सापडत नाही. अ‍ॅडमिशनच्या कागदांत जुन्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि मार्कांचा अधिकृत दाखला) लागते, ती मिळायला फार वेळ जातो, तेवढं मात्र आजच मागवून ठेवा.

आता खरा मुद्दा, रिसर्चचा प्रश्न. बहुतेक जण तो जर्नलमध्ये शोधतात. माझं म्हणणं, तो तुमच्या ओपीडीत आधीच आहे, आणि तिथलाच घ्या.

असं का म्हणते? १९६१ साली केर व्हाइट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला होता. एक हजार मोठी माणसं घेतली तर महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ अ‍ॅडमिट होतात आणि फक्त १ जण मोठ्या टीचिंग हॉस्पिटलपर्यंत पोचतो. आपण सगळे शिकलो कुठे, तर त्या एका पेशंटच्या कॉटपाशी. उरलेले २४९ आपल्या समोरच्या खुर्चीत बसतात आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्या मानाने फार थोडं आहे. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर खरंच हलल्यासारखं झालं होतं, कारण रोज जे काम करते त्याचं महत्त्व कोणीतरी आकड्यात दाखवलं होतं.

आणि साध्या जीपीला, म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला, रिसर्च जमत नाही असं वाटत असेल तर विल्यम पिकल्सबद्दल वाचा. इंग्लंडमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यातला खेडेगावचा डॉक्टर. १९२९ मध्ये त्याच्या भागात काविळीची साथ आली, आणि कोण कुठे राहतं, कोण कोणाला कधी भेटलं हे त्याला माहीतच होतं, कारण ती सगळी त्याचीच माणसं होती. त्याने वही ठेवली, तारखा लिहिल्या आणि त्यावरून आजार उमटायला किती दिवस लागतात ते काढलं. कुठली लॅब नाही, काही नाही, फक्त वर्षानुवर्षांची ओळख आणि नीट ठेवलेल्या नोंदी. या दोन्ही गोष्टी आपल्याकडेही असू शकतात.

माझा प्रश्न कसा सापडला ते सांगते. मी आधी ठरवलं होतं की ब्लडप्रेशर कंट्रोलमध्ये का राहत नाही यावर थिसिस करायचा. गाईड म्हणाल्या, हा एका थिसिसचा विषयच नाही, आयुष्य जाईल यात. त्याच सुमारास कोर्समध्ये पेशंट-सेंटर्ड पद्धत शिकत होतो, इयन मॅकव्हिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत विकसित केलेली (मॅकव्हिनी १९६८ साली त्या देशातले फॅमिली मेडिसिनचे पहिले प्रोफेसर झाले). त्यात चार गोष्टी आवर्जून विचारायच्या असतात, पेशंटला स्वतःला काय वाटतं की हे कशामुळे होतंय, त्याला भीती कसली आहे, रोजच्या कामावर काय परिणाम होतोय आणि आपल्याकडून त्याची अपेक्षा काय.

एक बस ड्रायव्हर चार वर्षं माझ्याकडे येत होते. बीपी कधी एकदम छान, कधी एकशे सत्तर. मी डोस वाढवायचे, ते मान हलवायचे. त्या आठवड्यात मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, या गोळीमुळे कामावर काही अडचण होते का हो? ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, डॉक्टर, ही गोळी घेतली की दोन तास सारखं लघवीला जावं लागतं आणि माझी सकाळची फेरी सव्वादोन तासांची आहे, मध्ये कुठे थांबता येत नाही, म्हणून ड्यूटीच्या दिवशी मी घेतच नाही. चार वर्षं! आणि केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, गोळ्या नियमित. मी त्यांची गोळी बदलली, आणि थिसिसचा प्रश्नही तिथेच मिळाला, की फिरतीचं काम करणारे पेशंट बीपीच्या गोळ्या कधी आणि का टाळतात. छोटा, नेमका, आणि माझ्या ओपीडीत बसून करता येईल असा.

तुम्हीही एक वही टेबलावर ठेवा आणि दोन महिने रोज ओपीडी संपल्यावर एकच ओळ लिहा, आज मला काय कळलं नाही. पेशंटचं नाव लिहू नका. दोन महिन्यांनी वाचा, जे चार-पाच वेळा आलंय तो तुमचा विषय. प्रश्न 'किती जणांना' असा असेल तर आकड्यांचा अभ्यास, सँपल साईज, म्हणजे किती माणसं घ्यायची ते, काढायला स्टॅटिस्टिक्सवाल्याला आधीच भेटा, डेटा गोळा करून झाल्यावर नाही. 'का' आणि 'कसं' असेल तर मुलाखती घ्याव्या लागतात, तिथे माणसं कमी लागतात पण एकेक मुलाखत ऐकून शब्दन् शब्द उतरवायला किती वेळ जातो याचा अंदाज सुरुवातीला कोणालाच येत नाही. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला पाच-सहा तास लागायचे.

रिसर्चला आधी मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला लोक कटकट समजतात. तसं नाहीये ते, आणि आपल्या बाबतीत तर एक खास अडचण आहे. आपलाच पेशंट आपल्याला नाही म्हणू शकत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर डॉक्टरांना राग येईल, पुढच्या वेळी नीट बघणार नाहीत. माणसांवरच्या मेडिकल रिसर्चची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या, १९६४ साली आलेल्या हेलसिंकी डिक्लरेशनमध्ये आज याबद्दल स्पष्ट लिहिलंय की पेशंट डॉक्टरवर अवलंबून असेल तर संमती तिसऱ्या, त्या नात्यात नसलेल्या जाणत्या माणसाने घ्यावी. म्हणून प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे रिसर्चच्या लेखी आराखड्यातच, लिहा की संमती कोण घेणार आणि मुलाखत कोण घेणार. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये दोन्ही ठिकाणी माझंच नाव टाकलं होतं, कमिटीने परत पाठवला आणि अडीच महिने गेले, चूक माझीच होती. आणि मंजुरीच्या आधी एकही मुलाखत घ्यायची नाही, नंतर वापरता येत नाही ती.

वेळेचं सांगायचं तर, रात्री ओपीडी संपल्यावर अभ्यास करू हे डोक्यातून काढून टाका, चाळीस पेशंट बघून झाल्यावर डोकं चालत नाही. आठवड्यातली एक अर्धी ओपीडी सरळ बंद करा, बोर्डावर लिहा, रिसेप्शनला सांगा की त्या वेळेत इमर्जन्सी सोडून फोन द्यायचा नाही, आणि शक्य असेल तर ती वेळ बघायला एखादा भरवशाचा डॉक्टर ठेवा. त्यामुळे कमाई कमी होणार आहे, ती फीच्या हिशोबातच धरा. घरच्यांशीही आधी बसून बोला, नुसतं 'थोडं बिझी असेन' असं नाही, कुठल्या महिन्यात सबमिशन आहे, कुठली सुट्टी जाणार आहे हे कॅलेंडर दाखवून.

वाचनासाठी पबमेडवर सर्च करायला आणि झोटेरोमध्ये रेफरन्स ठेवायला पहिल्याच आठवड्यात शिका, दोन्ही फुकट आहेत. शेवटच्या महिन्यात हाताने रेफरन्स लावत बसलेले लोक मी बघितलेत, फार हाल होतात. नोंदी ठेवताना आजाराच्या नावाबरोबर पेशंट आला कशासाठी हेही कोड करता येतं, त्यासाठी आयसीपीसी नावाची पद्धत आहे, जगभरातल्या फॅमिली डॉक्टरांच्या वोन्का या संघटनेची, १९८७ पासून वापरात आहे. जनरल प्रॅक्टिससाठी ती फार सोयीची पडते, कारण आपल्याकडे निम्म्या वेळा निदान नसतंच, नुसती तक्रार असते.

थिसिस सबमिट झाला की महिन्याभरात त्याचा पेपर लिहायला घ्या, नंतर होत नाही. आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना काय सापडलं ते साध्या भाषेत एका पानावर लिहून द्या. मी ते पान वेटिंग रूममध्येही लावलं. आता फिरतीवरचे पेशंट स्वतःहून सांगतात की त्यांची ड्यूटी किती वाजता सुरू होते, आणि मी ती वेळ केसपेपरवर बीपीच्या शेजारीच लिहिते.