सुदानच्या युद्धाचं पहिलं वर्ष समजून घ्यायचंय? मग असं वाचा

सुदानवर काही वाचायला घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत माणूस हरवतो. नावं अनोळखी, शहरं अनोळखी, आणि प्रत्येक बातमीत कुठेतरी तेच एक वाक्य की दोन जनरल सत्तेसाठी लढतायत. वाक्य खोटं नाही पण तिथेच थांबलात तर अर्ध्या देशाला मदतीची गरज का पडली हे काही केल्या कळत नाही. मी १५ एप्रिल २०२३ पासून पुढचं अख्खं वर्ष वही घेऊन जमेल तसं फॉलो केलं, आणि कसं वाचलं की डोक्यात बसतं ते इथे लिहितोय, ज्यांना आज नव्याने सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी.

आधी कागद घ्या आणि हाताने नकाशा काढा, मोबाईलवरचा नको, हाताने काढलेला लक्षात राहतो. मधोमध एक ठिपका, तिथे निळी नाईल आणि पांढरी नाईल एकत्र येतात, आणि त्या संगमाभोवती राजधानी खार्तूम, ओमदुरमान आणि बहरी अशी तीन शहरं आहेत, बातमीत नुसतं खार्तूम म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तिन्ही धरलेली असतात. दोन नायलींच्या मधल्या पट्ट्यात, खार्तूमच्या खाली, गेझिरा आणि त्यातलं वाद मदनी शहर. उजवीकडे वर लाल समुद्रावर पोर्ट सुदान. डावीकडे लांबवर दारफूर, त्यात अल-जनीना, न्याला, अल-फाशर, आणि सीमेपलीकडे चाड, तिथलं आद्रे हे छोटं गाव नक्की लिहा, पुढे ते फार महत्त्वाचं ठरतं. दारफूर आणि खार्तूमच्या मध्ये कोर्दोफान. एवढं पुरतं.

मग २०२३ च्या मागे जा, पण फार मागे नको. २००३ मध्ये दारफूरमध्ये बंड झालं तेव्हा ओमर अल-बशीरच्या सरकारने ते चिरडायला जंजाविद नावाच्या टोळ्या वापरल्या, २०१३ मध्ये त्याच टोळ्यांमधून रॅपिड सपोर्ट फोर्सेस म्हणजे आरएसएफ उभी केली, आणि तिचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात, सोन्याच्या धंद्यातून प्रचंड श्रीमंत झाला. डिसेंबर २०१८ पासून लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २०१९ मध्ये बशीर गेला, नागरी सरकार आलं, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुऱ्हान आणि हेमेदती या दोघांनी मिळून तेही उलथवलं. हो, तेव्हा दोघं एकाच बाजूला होते. नंतर पुन्हा नागरी सत्तेकडे जायची बोलणी सुरू झाली आणि गाडी अडली ती एका प्रश्नावर, आरएसएफ लष्करात कधी विलीन होणार. लष्कर म्हणत होतं दोन वर्षांत, आरएसएफ म्हणत होती दहा. ते भांडण मिटलं नाही आणि १५ एप्रिलला, रमजान चालू असताना, खार्तूमच्या मध्यात गोळीबार सुरू झाला.

आता वर्षाचे तुकडे पाडा. पहिला तुकडा खार्तूमचा, विमानतळ बंद, घरांमध्ये घुसून लूट, लष्कराची विमानं आणि तोफा वस्तीवर, मे महिन्यात जेद्दाहमध्ये बोलणी, शस्त्रसंधी जाहीर आणि लगेच मोडलेली. दुसरा तुकडा अल-जनीना, आणि इथे घाई करू नका. तिथे मसालित या बिगर-अरब समाजाच्या लोकांना आरएसएफ आणि तिच्यासोबतच्या अरब टोळ्यांनी वेचून मारलं, जूनमध्ये पश्चिम दारफूरचे गव्हर्नर खमीस अबकर यांनी टीव्हीवर या हत्यांबद्दल उघड बोलून काही तास होत नाहीत तोच त्यांना मारलं गेलं, आणि लोक चालत आद्रेकडे निघाले तेव्हा त्या रस्त्यावरही गोळ्या घातल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पॅनेलच्या अहवालात एकट्या या शहरात २०२३ मध्ये १० ते १५ हजार माणसं मारली गेल्याचा आकडा आहे. ज्या लेखात फक्त 'दोन जनरल' असतात त्यात हे बसतच नाही, म्हणून मला तो शब्दप्रयोग खटकतो. तिसरा तुकडा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, न्याला आणि दारफूरची बहुतेक मोठी शहरं आरएसएफकडे, अल-फाशर तेवढं तेव्हा उरलं. चौथा १८ डिसेंबरचा, वाद मदनी पडलं.

इथपर्यंत लोक येतात आणि मग एक चूक करतात, कुणाच्या ताब्यात काय हे दाखवणाऱ्या बातम्यांतल्या नकाशावरचे रंग बघत बसतात, कुणाचा हिरवा वाढला कुणाचा लाल वाढला. रंग बघा पण त्याहून जास्त रस्ते, परवाने आणि फोन बघा, कारण या देशातली भूक तिथून तयार झाली. वाद मदनीचंच घ्या. खार्तूममधून पळालेले लाखो लोक तिथे आसऱ्याला होते, राजधानीतून हललेल्या मदत संस्थांची कामं तिथून चालत होती, आजूबाजूला गेझिराची कालव्यांवरची शेती, देशाचं धान्याचं कोठार. आणि ते पडलं ऐन गव्हाच्या हंगामात. जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं, त्यात जवळपास १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं अन्न होतं. रंगांच्या नकाशावर तो फक्त एक ठिपका बदलला.

परवान्यांचं तसंच. लष्कराचं सरकार पोर्ट सुदानला बसलेलं, व्हिसा आणि ट्रकचे परवाने तिथून निघायचे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सरकारने चाडमधून दारफूरला येणारी मदत थांबवली, कारण दिलं की त्या वाटेने आरएसएफला शस्त्रं येतात. शस्त्रांचा आरोप हवेतला नाही, चाडमार्गे संयुक्त अरब अमिरातीकडून शस्त्रं येत असल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचं तज्ज्ञ पॅनेलनेही म्हटलं होतं आणि अमिराती ते नाकारत आली. पण धान्याचा रस्ता बंद झाला तो झालाच. दुसरीकडे आरएसएफने ट्रक अडवले, लुटले. दोन्ही बाजूंचं हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, एकाने दुसऱ्याची फिटंफाट होत नाही.

आणि फोन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला देशातली मोठी मोबाईल नेटवर्क्स बंद पडली. आपल्याला वाटतं इंटरनेट गेलं म्हणजे बातम्या थांबल्या, पण तिथे जेवण थांबलं. खार्तूममध्ये वस्तीतल्या तरुण पोरापोरींनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणजे स्वयंसेवकांचे मदतगट उभे केले होते, त्यांच्या सामुदायिक चुली, ज्यांना तिकडे तकाया म्हणतात, त्या परदेशातल्या सुदानी लोकांनी पाठवलेल्या पैशावर चालायच्या, आणि ते पैसे यायचे बँकक नावाच्या बँकिंग ॲपवरून. नेटवर्क गेलं, पैसे अडले, अनेक चुली विझल्या. सुदानबद्दल वाचताना या लोकांच्या कामाच्या बातम्या मुद्दाम शोधा, कारण जिथे मोठ्या संस्था पोचू शकल्या नाहीत तिथे हेच होते, आणि यांना दोन्ही बाजूंनी पकडलं, मारलं.

आता आकडे. तीन सवयी लावून घ्या. एक, मेलेल्यांचा आकडा दिसला की त्याला किमान आकडा समजा. वर्षाच्या शेवटी साधारण १४-१५ हजार असं छापून येत होतं, तो फक्त नोंद झालेला, आणि वर अल-जनीनाचा आकडा बघितलात तर तो किती अपुरा आहे ते लगेच कळतं. दोन, विस्थापितांच्या आकड्यात देशातल्या देशात पळालेले आणि सीमा ओलांडलेले वेगळे करा, वर्षभरात ८० लाखांहून जास्त लोकांनी घर सोडलं, त्यातले १८ लाखांच्या आसपास देशाबाहेर गेले, चाड, दक्षिण सुदान, इजिप्त वगैरे. म्हणजे बहुतेक जण अजून युद्धाच्या आतच होते. तीन, भुकेचा आकडा आयपीसीच्या, म्हणजे भुकेची तीव्रता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या, पायऱ्यांनी वाचा. एक ते पाच पायऱ्या, तीन म्हणजे संकट, चार म्हणजे आणीबाणी, पाच म्हणजे सर्वनाश. डिसेंबर २०२३ मध्ये १ कोटी ७७ लाख लोक तिसऱ्या किंवा वरच्या पायरीवर होते, त्यातले ४९ लाख चौथीवर. दुष्काळ, म्हणजे इथे पाऊस न पडणं नव्हे तर टोकाची उपासमार, हा शब्द ही यंत्रणा सहज वापरत नाही, त्याला कुपोषण आणि मृत्यूचे ठरलेले निकष लागतात, आणि मोजणारी माणसं आत जाऊ शकली नाहीत तर मोजमाप होत नाही, म्हणून 'दुष्काळ जाहीर नाही' याचा अर्थ लोक भुकेने मरत नाहीयेत असा काढू नका. झमझम ही विस्थापितांची छावणी अल-फाशरच्या शेजारी होती, तिथे दर दोन तासांना एक मूल मरतंय असा अंदाज डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितला होता.

व्हिडिओंबद्दल थोडंसं. मी सुरुवातीच्या महिन्यांत एक जळत्या बाजाराचा व्हिडिओ पुढे पाठवला आणि तो दुसऱ्याच देशातला निघाला, खूप वाईट वाटलं कारण अशा एका चुकीमुळे खरे व्हिडिओसुद्धा लोक खोटे म्हणायला लागतात. तेव्हापासून जागा आणि तारीख कळल्याशिवाय काही पाठवत नाही. गावं जळाल्याची खात्री करायची असेल तर येल विद्यापीठाच्या ह्युमॅनिटेरियन रिसर्च लॅबचे सॅटेलाईट फोटोंवरचे रिपोर्ट बघा, आणि दोन्ही सैन्यांचे दावे एकमेकांशेजारी ठेवून वाचा, एकाच बाजूचं पेज फॉलो करून बसू नका.

आता वर्षपूर्तीचा दिवस, १५ एप्रिल २०२४. पॅरिसमध्ये परिषद झाली, २ अब्ज युरोंहून जास्त मदतीची आश्वासनं मिळाली. आश्वासन म्हणजे हातात आलेला पैसा नाही हे वहीत शेजारीच लिहा, कारण २०२४ या वर्षासाठी संयुक्त राष्ट्रांनी सुदानमधल्या कामाला २.७ अब्ज डॉलर मागितले होते आणि तोपर्यंत जमला होता त्याचा अगदी थोडा भाग.

आणि नकाशावरच्या आद्रेपाशी परत या. फेब्रुवारीत चाडमधून येणाऱ्या मदतीचा जो रस्ता बंद झाला होता तो इथूनच जायचा. १ ऑगस्ट २०२४ ला झमझममध्ये दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. रस्ता उघडायची घोषणा झाली १५ ऑगस्टला, तेव्हा दारफूरमध्ये पावसाळा होता, ओढ्यांना पूर आलेला आणि ट्रक चिखलात अडकत होते.