रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं जुनं अ‍ॅप नव्या आर्किटेक्चरवर नेताना

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (एकाच जावास्क्रिप्ट कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएसची अ‍ॅप बनवायचं साधन) ०.८२ पासून जुनं आर्किटेक्चर, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि फोनची नेटिव्ह बाजू जोडणारी जुनी रचना, चालू ठेवायची सोयच उरलेली नाही. ग्रेडल या अँड्रॉइडच्या बिल्ड साधनाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये नव्या आर्किटेक्चरचा फ्लॅग (चालू-बंद करायचं सेटिंग) फॉल्स ठेवला तरी तो विचारात घेतला जात नाही. ०.७२ किंवा ०.७४ वर थांबलेलं अ‍ॅप थेट तिथे नेलं, तर एररचा ढीग पडतो आणि त्यातली कुठली व्हर्जनमुळे आली, कुठली आर्किटेक्चरमुळे, हे उमगत नाही.

म्हणून मधला मुक्काम ०.८१ वर करा. एक्स्पो (रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर बांधलेलं फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्याचं एसडीके ५४. दोन्ही आर्किटेक्चर चालतात असा हा शेवटचा टप्पा. आधी फ्लॅग बंद ठेवूनच इथे या, अँड्रॉइड आणि आयओएसच्या फोल्डरमधले बदल अपग्रेड हेल्परमध्ये (दोन व्हर्जनमधला फरक दाखवणारं वेबपान) बघून ओळीओळीने उतरवा, आणि हे बिल्ड रिलीज करा. फ्लॅगला हात त्यानंतर.

खरा वेळ जातो लायब्रऱ्यांमध्ये. पॅकेज फाइलमधलं प्रत्येक नाव रिअ‍ॅक्ट नेटिव्ह डिरेक्टरीत (कुठली लायब्ररी नव्या आर्किटेक्चरवर चालते ते सांगणारी यादी) तपासा. एक्स्पो डॉक्टरही अडचणीची पॅकेजेस दाखवतो. बरीच जुनी मॉड्यूल्स इंटरॉप लेयरमुळे (जुना कोड नव्या रचनेत चालवणारा थर) तशीच चालतात, पण ज्या लायब्ररीकडे कुणी बघत नाही ती आताच बदला. स्वतःचं नेटिव्ह मॉड्यूल टर्बो मॉड्यूल (नव्या आर्किटेक्चरचं नेटिव्ह मॉड्यूल) करताना स्पेक फाइलच्या, म्हणजे मॉड्यूलची फंक्शन्स जाहीर करणाऱ्या फाइलच्या, नावाची सुरुवात ‘नेटिव्ह’ या शब्दाने, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, झालीच पाहिजे. नाहीतर स्पेकवरून नेटिव्ह कोड तयार करणारं कोडजेन ती फाइल उचलत नाही.

आता फ्लॅग ट्रू करा. पॉड्स (आयओएसच्या लायब्रऱ्या) आणि बिल्ड फोल्डर उडवून पॉड इन्स्टॉल पुन्हा चालवा. कोडजेनच्या जुन्या फाइली उरल्या की लिंकिंगच्या वेळी भलतेच एरर येतात.

बिल्ड झालं म्हणजे काम झालं असं नाही. एक नेहमीचा बिघाड बघा: पावतीच्या व्ह्यूचा रेफ (त्या व्ह्यूकडे बोट दाखवणारा दुवा) नेटिव्ह मॉड्यूलला देऊन त्याचं चित्र काढायचं, आणि अचानक ‘व्ह्यू सापडला नाही’. कारण फक्त मांडणीपुरता असलेला व्ह्यू फॅब्रिक (नव्या आर्किटेक्चरचा स्क्रीन उभा करणारा भाग) गाळून टाकतं, आणि नव्या आर्किटेक्चरमध्ये हे आयओएसवरही घडतं. त्या व्ह्यूला ‘कोलॅप्सेबल’ प्रॉप फॉल्स द्या, एवढंच पुरतं.

दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही. प्रॉमिसच्या आत लागोपाठ दोन सेटस्टेट (स्क्रीनवरचा डेटा बदलणारे कॉल) केले, तर पूर्वी दोन रेंडर व्हायचे, आता एकच होतो. मधल्या रेंडरवर अ‍ॅनिमेशन सुरू करणारा कोड गप्प बसतो. अशा जागा शोधून ते काम इफेक्टवर (रेंडरनंतर चालणारा कोड) न सोडता थेट इव्हेंटला बांधा.

कष्टाचं फळ दिसतं टूलटिपमध्ये, म्हणजे बटणाजवळ उमटणाऱ्या छोट्या सूचनेत. ऑनलेआउटमधून (मांडणी झाल्यावर येणारा कॉल) माप येईपर्यंत ती आधी चुकीच्या जागी उमटायची, मग उडी मारायची. आता लेआउट इफेक्टमध्ये (स्क्रीनवर उमटण्याआधी चालणारा इफेक्ट) माप तिथल्या तिथे मिळतं आणि टूलटिप पहिल्याच फ्रेमला जागेवर बसते. हा कोड नक्की बदलून घ्या.

याच फेरीत १६ केबी मेमरी पेजची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) तपासणी उरका. अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या अ‍ॅपसाठी गूगल प्लेने ही अट १ नोव्हेंबर २०२५ पासून लावली आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हची स्वतःची बाजू ०.७७ मध्येच तयार झाली. अडतात त्या इतर लायब्रऱ्यांच्या जुन्या एसओ फाइली, म्हणजे कंपाइल केलेला नेटिव्ह कोड. एपीके अ‍ॅनालायझरमध्ये अलाइनमेंटचा इशारा कुठल्या फाइलवर आहे ते बघा.

वेगाची तुलना कमी रॅमच्या फोनवर, आणि रिलीज बिल्डवरच करा. डेव्हलपमेंट बिल्डचे आकडे निरुपयोगी. सगळं स्थिर झालं की ०.८२.

फ्लॅग बदललेलं बिल्ड थोड्या वापरकर्त्यांपासून टप्प्याटप्प्यानेच सोडा. आर्किटेक्चर नेटिव्ह बाजूला ठरतं, त्यामुळे ओटीए अपडेटने (स्टोअरशिवाय थेट फोनवर पाठवलेला जावास्क्रिप्टचा बदल) ते मागे फिरवता येत नाही. नवं बिल्ड स्टोअरवर चढवावंच लागतं. ओटीए वापरत असाल तर या बिल्डचं रनटाइम व्हर्जनही (कुठलं अपडेट कुठल्या बिल्डला जुळतं ते ठरवणारी खूण) वेगळं ठेवा.