घरातल्या माणसाची दारू सोडवताना

माझ्या धाकट्या भावाची दारू गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनं सुटली आणि सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या गोळ्यांनीही सुटली. आमच्या यवतमाळकडे लोक यातलं एकच धरतात, म्हणून हे लिहिते आहे.

रोज पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालून एकदम दारू बंद करायला लावू नका. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. गावात लगेच ठरतं, बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नसतं. दारूला सरावलेला मेंदू खवळलेला असतो आणि त्यात जीवही जातो. अशा वेळी भगताकडे नाही, १०८ ला फोन करा. त्याहून बरं म्हणजे आधीच दवाखान्यात जा. रोज किती पितो, आधी फिट आली होती का, हे खरं सांगा. डॉक्टर हळूहळू कमी करायच्या गोळ्या देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्वही.

दारू सुटावी म्हणून चहातून गुपचूप पावडर देऊ नका. अशा औषधावर दारू पोटात गेली तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो.

आता प्रार्थनेचं. तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना सांजेला होते आणि पिणाऱ्याचे पाय गुत्त्याकडे वळतात तेही सांजेलाच. वावरातून आल्यावरचा तो तास रिकामा राहिला की घात होतो. भावाला मी भक्तीचं काही सांगितलं नाही, सतरंजी अंथरायचं काम दिलं. तो दाराशी बसायचा. मंडळातल्या काकांनी त्याला कधी चारचौघांत बोलायला लावलं नाही. मग एक दिवस त्यानंच खंजिरी मागितली. पंढरीची माळही त्यानं मागितली तेव्हाच घातली. नुकती सोडलेल्याच्या गळ्यात माळ घालायची घाई करू नये. एकदा पाय घसरला की लाजेनं तो देवळाकडेही फिरकत नाही.

दारू सुटून महिना होत आला तरी झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव नाही, असं असेल तर तो आळस समजू नका. डॉक्टरला सांगा. उदासीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. आणि सरळ विचारा, "भाऊ, मरायचा विचार येते का मनात?" विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट तो बोलतो. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, फुकट, रात्रीही. व्यसनासाठी १४४४६.

वहिनीकडेही पाहा. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, त्याच्या मराठीत बैठका होतात, घरच्यांसाठी अल-अनॉनच्या. जवळच्या शहरात चौकशी करा. तिनं एकटीनं सगळं ओढू नये.

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, सगळ्यात अवघड. त्या दिवशी गावभर दारू असते. आमच्या मंडळानं करीच्या दुपारी भजन ठेवलं. तुमच्याकडे मंडळ नसेल तर त्याला आदल्या दिवशीच बहिणीच्या गावी धाडा. तरीही प्यालाच, तर दुसऱ्या सांजेला त्याला काही न विचारता प्रार्थनेला न्या आणि डॉक्टरला फोन करून सांगा.