गुडघा किंवा खुबा बदलणार असाल तर आधी वही काढा

ऑपरेशन छान झालं, एक्सरे छान आला, टाके नीट भरले, डॉक्टर खूश, आणि पेशंट मात्र पलंगावर बसून म्हणतोय की उगाच केलं, एवढे पैसे घालून पण मांडी काही येत नाही. मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, सिडको, इंदिरानगर, पंचवटी, कधी पार ओझर-पिंपळगावपर्यंत, आणि हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता ऑपरेशनच्या आधी कुणाचा फोन आला तर व्यायाम नंतर, पहिले वही घ्या म्हणून सांगते. त्या वहीत काय लिहायचं आणि ऑपरेशननंतर ती कशी वापरायची तेच इथे लिहितेय.

आधी एक आकडा सांगते, घाबरवायला नाही. कॅनडात ओंटारिओमधल्या 1,703 गुडघा बदललेल्या पेशंट्सचा एक अभ्यास 2010 मध्ये छापून आला, त्यात 81 टक्के लोक समाधानी होते, म्हणजे साधारण पाचातला एक नव्हता. आणि नाराजीचं सगळ्यात मोठं कारण काय निघालं तर ऑपरेशनआधी मनात जी अपेक्षा धरली होती ती पुरी न होणं. खुब्याचं बरं असतं, तिथे नाराज लोक कमी निघतात, कारण खुबा म्हणजे खोलात बसलेला गोळा आणि वाटी, तो बदलला की दुखणं भराभर जातं आणि बरेच जण काही महिन्यांत विसरूनही जातात की आपला खुबा बदललाय. गुडघा तसा नाही. तो वरच्या वर असतो, आजूबाजूचे स्नायुबंध तेच जुने राहतात आणि आतला जोड नवीन, त्यामुळे तो चांगला चालला तरी 'माझाच आहे' असं वाटायला वेळ लागतो, काहींना कधीच पूर्ण वाटत नाही. शेजारच्यांचा खुबा बघून आपल्या गुडघ्याचा अंदाज बांधू नका, हे दोन वेगळेच विषय आहेत.

यादी, पण नीट लिहिलेली

'बरं वाटलं पाहिजे' ही अपेक्षा नाही, त्याचं डॉक्टर काहीच करू शकत नाहीत. कामं लिहा. एका पंचवटीतल्या आजींची यादी अशी होती: रामकुंडावर पायऱ्या उतरून जायचं, हरितालिकेची पूजा खाली बसून करायची, रात्री एकदाही न उठता झोपायचं, भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढायचं, वणीच्या गडावर पायी जायचं, नातवाला जमिनीवरून उचलायचं. ही झाली यादी. मुलाने लिहिलेली चालत नाही, मुलगा लिहितो 'आईने स्वतःचं स्वतः करावं', आणि आईच्या मनात गड असतो.

मग ही वही घेऊन सर्जनकडे जायचं आणि प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारायचा: हे नक्की जमेल, कदाचित जमेल, की सोडून देऊ? आजींच्या यादीत झोप आणि दोन मजले 'नक्की'मध्ये गेले. रामकुंडाच्या पायऱ्या 'कदाचित', तेही कठड्याला धरून आणि दगड ओला नसताना. गड पायी नको, फ्युनिक्युलर ट्रॉलीने जा असं ठरलं. खाली बसून पूजा सोडायची, पूजा चौरंगावर मांडायची आणि आपण खुर्चीवर बसायचं. नातू आपणहून मांडीवर चढेल, त्याला खाली वाकून उचलायचं नाही. आजी आधी जरा फुगल्या पण ऑपरेशनआधी फुगलेलं परवडतं, नंतरचं नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांसाठी वेगळी यादी होते. मांडवाखाली उभं राहून छाटणी करायला गुडघा साधारण तीन-चार महिन्यांत साथ देतो, पण ओळीतली ढेकळं, ओली माती, ट्रॅक्टरवर चढणं-उतरणं याला जास्त वेळ द्या, आणि उकिडवं बसून करायचं काम आता मजुराकडे. म्हणून ऑपरेशनची तारीख छाटणीच्या हिशेबानेच धरा. ऑक्टोबरची गोडी छाटणी तोंडावर असताना सप्टेंबरमध्ये ऑपरेशन करून घेणारे लोक बागेत लवकर जातात आणि मग सूज घेऊन मला फोन करतात.

मांडीचं काय ते एकदा बोलून घ्या

आपल्याकडची निम्मी नाराजी इथेच आहे म्हणून जरा थांबते. जिना चढ-उतर करायला गुडघा साधारण 90 ते 100 अंश वाकावा लागतो, बुटक्या खुर्चीतून उठायला 105 च्या आसपास, मांडी घालायला 110 ते 130, आणि उकिडवं बसायला 130 च्याही पुढे. बदललेला गुडघा बहुतेकांचा 110 ते 120 पर्यंत येतो. म्हणजे जिना, खुर्ची, गाडी सगळं येतं, मांडी काठावर असते आणि भारतीय पद्धतीचा संडास जवळपास बाहेरच. घरात कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधी बसवून घ्या, नंतर प्लंबर शोधत बसू नका.

आणि ऑपरेशननंतर किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज ऑपरेशनआधी किती वाकतो यावरून येतो. पाच वर्षं गुडघा 80 च्या वर गेलाच नसेल तर नवीन जोड जादू करणार नाही. 'हायफ्लेक्स' नावाचे जास्त वाकणारे जोड मिळतात, जाहिरातीत मांडी घातलेली बाई असते, पण अभ्यासांत साध्या जोडापेक्षा फार मोठा फरक काही दिसलेला नाही. मी तरी त्या एका शब्दासाठी जास्त पैसे द्या असं कुणाला सांगणार नाही.

गुडघे टेकणं वेगळं. नमाज असो की देवघर पुसणं, टेकल्याने जोड सहसा बिघडत नाही पण तिथली चामडी बधीर असते आणि टोचल्यासारखं होतं म्हणून बरेच लोक टाळतात. टेकायचंच असेल तर सर्जनला विचारून, जाड उशीवर, काही महिन्यांनंतर.

अजून तीन गोष्टी आधीच विचारा

एक्सरेमध्ये झीज किती आहे? हा प्रश्न विचारायला लाजू नका. झीज थोडीच आणि दुखणं फार असेल तर ऑपरेशननंतर समाधान मिळण्याची शक्यता कमी असते, कारण दुखण्याचं मूळ दुसरीकडे असू शकतं, कंबरेत किंवा खुब्यात सुद्धा. अशा वेळी थांबून दुसरं मत घ्या. दुसरं, कंबर, दुसरा गुडघा, टाच यांचं दुखणं या ऑपरेशनने जाणार नाही हे लिहून ठेवा, नाहीतर सगळ्याचा दोष नव्या गुडघ्यावर जातो. तिसरं म्हणजे शुगर. ती ताब्यात नसताना केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली तर चिडू नका. खूप उदास राहणं, रात्र रात्र काळजी करणं हेही डॉक्टरांना सांगायचं, त्याचाही नंतरच्या दुखण्यावर आणि समाधानावर परिणाम होतो, लोक हे लपवतात.

पैशांचं थोडक्यात. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या जोडांच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या जोडाला जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरले होते, पुढे आकडे बदलत गेलेत म्हणून आताची मर्यादा बिल करण्याआधी विचारा. जोडाच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये लावलंय ना बघा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. किती वर्षं टिकतो हा प्रश्न सगळेच विचारतात: 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 25 वर्षांनंतर पूर्ण बदललेले साधारण 82 टक्के गुडघे आणि 58 टक्के खुबे टिकून होते, अर्थात ते आधीच्या काळातले जोड. रोबोटच्या मदतीने केलेल्या ऑपरेशनचं विचाराल तर हाड कापणं जास्त नेमकं होतं हे खरं, पण त्यामुळे पेशंट जास्त समाधानी राहतो हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. होर्डिंग बघून हॉस्पिटल निवडू नका.

घरी आल्यावर

पहिले सहा आठवडे कुणाचंही मत विचारात घेऊ नका, स्वतःचं तर नाहीच. या काळात 'चुकलंच माझं' असं जवळपास सगळ्यांना एकदा तरी वाटतं. रात्री झोप लागत नाही, गुडघा गरम लागतो, सूज उतरते आणि चालून आलं की परत येते. गरमपणा काही महिने राहतो आणि सूज कधी कधी वर्षभर थोडी थोडी राहते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर चामडी बधीर लागते कारण तिथली बारीक नस कापली जाते, तो भाग हळूहळू लहान होतो पण पूर्ण जाईलच असं नाही. चालताना कट कट आवाज येतो, तो धातू आणि प्लॅस्टिकचा असतो, दुखत नसेल तर सोडून द्या.

जे मला घरोघरी दिसतं ते सांगते. पेशंट पलंगावर, आणि गुडघ्याखाली मऊ उशी, सुनेने मायेने ठेवलेली. आराम पडतो हो, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि तसाच आखडायला लागतो, मग सरळ होत नाही आणि लंगडणं राहून जातं. उशी काढा. ठेवायचीच तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे गुडघा हवेत राहून आपल्या वजनाने सरळ होतो, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वाकवण्याइतकंच सरळ करणं महत्त्वाचं आहे पण ते कुणी विचारतच नाही, सगळे विचारतात किती वाकला. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, नंतर नाही. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून. आणि तेल लावून जोर देऊन वाकवणाऱ्या मालिशवाल्याला दारातूनच परत पाठवा.

साधारण वेळापत्रक असं धरा: पहिल्या-दुसऱ्या दिवशी वॉकरने उभं राहणं, दोन आठवड्यांच्या आसपास टाके काढणं, मग हळूहळू काठी, सहा आठवड्यांपर्यंत 90 च्या पुढे वाकणं आणि सर्जनने हो म्हटलं तर गाडी चालवणं, तीन महिन्यांत रोजची कामं. खरा निकाल एक वर्षाने. शेजारच्या काकू पंधरा दिवसांत कॉलेज रोडला जाऊन आल्या असतील, असू दे, त्यांचं वय, वजन, झीज वेगळी.

खुबेवाल्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे बुटक्या सोफ्यावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेलं उचलायला वाकायचं नाही, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. पाय लांब झाल्यासारखा वाटतो, बऱ्याचदा तो स्नायूंचा खेळ असतो आणि काही महिन्यांत जातो, म्हणून लगेच बुटाला टाच लावून घेऊ नका. मांडी कधी घालायची हे ऑपरेशन कोणत्या बाजूने झालं त्यावर आहे, ते सर्जनच सांगतील.

वही पुन्हा उघडा

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात लिहून ठेवा: किती मिनिटं चालल्यावर बसावं लागतं, जिना एक एक पाय टाकून की सरळ, रात्री किती वेळा जाग येते, दुखण्याला दहापैकी किती. डॉक्टरांकडे ऑक्सफर्ड स्कोअर म्हणून बारा प्रश्नांचा फॉर्म असतो, 0 ते 48 गुण, तो मिळाला तर उत्तमच. मग हेच तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. माणूस जुनं दुखणं फार लवकर विसरतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर एक फेरी मारून येणारे आप्पा मला म्हणतात काही फरक नाही, आणि वहीत त्यांच्याच अक्षरात असतं, 'गेटपर्यंत पण जाववत नाही'.

आता ज्याची वाट बघायची नाही ते: पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, किंवा कालपर्यंत चालत होतो आणि आज पाय टेकवतच नाही. यात वही, फिजिओ, व्हॉट्सॲप ग्रुप सगळं बाजूला, थेट हॉस्पिटल.

आणि सगळं करून तीन महिन्यांनी गुडघा 90 पण वाकत नसेल किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर 'हळूहळू होईल' म्हणत वर्ष घालवू नका. आपल्याच सर्जनकडे आधी जा, आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवायचा असेल तर तो सुरुवातीच्या काही महिन्यांतच नीट वाकतो. इन्फेक्शन, ढिला झालेला जोड, कंबरेतून येणारं दुखणं, हे एक एक तपासून कारण सापडल्याशिवाय परत ऑपरेशनला हो म्हणू नका, कारण न सापडता केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनने समाधान क्वचितच मिळतं.

फॉलोअपला जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, तिथे 'दुखतं' म्हणण्यापेक्षा 'जिना उतरताना पुढच्या बाजूला दुखतं, चढताना नाही' असं सांगितलं तर काम होतं. दुसऱ्या गुडघ्याची तारीख ठरवायची असेल तरी पहिल्याची वही समोर ठेवूनच ठरवा, पण यादी मात्र नवीन लिहा, कारण दुसरा गुडघा पहिल्यासारखाच वागेल असं काही नसतं.