डोमेन बदलण्यापूर्वीची तयारी : वेबसाइटचे रँकिंग टिकवण्यासाठी काय हाताशी हवे

वेबसाइट नव्या डोमेनवर, म्हणजे नव्या नावाच्या मुख्य पत्त्यावर, न्यायचे ठरले की पहिल्या बैठकीपासून चर्चा होते ती रंगसंगती, बोधचिन्ह आणि मांडणी यांची. सर्च इंजिनमधील रँकिंगचा विषय निघतो तो स्थलांतर होऊन वाचक घटू लागल्यानंतर. तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते. सर्च इंजिनच्या लेखी प्रत्येक पान त्याच्या पत्त्याने ओळखले जाते, आणि इतरांनी दिलेल्या लिंका व त्यातून जमलेली पत त्या पत्त्याच्याच खात्यावर असते. म्हणून जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी ही या तयारीतील पहिली वस्तू होय, आणि नव्या मांडणीचे काम सुरू होण्याआधी ती हातात असावी.

ही यादी एकाच ठिकाणाहून मिळत नाही. साइटमॅप या सर्च इंजिनसाठीच्या यादीत वेबसाइटने स्वतः जाहीर केलेली पानेच असतात. आता कोठूनही न जोडलेले, पण बाहेरच्या लिंकांमुळे अजूनही वाचक आणणारे जुने पान त्यात सापडेलच असे नाही. त्यामुळे साइटमॅप, क्रॉलिंग करणाऱ्या, म्हणजे लिंकांमागून जात पाने वाचणाऱ्या, सॉफ्टवेअरने काढलेली यादी, सर्व्हरच्या लॉग फाइली (भेटींच्या नोंदी) आणि गूगल सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या साधनातील परफॉर्मन्स व लिंक्स हे अहवाल एकत्र करून पुन्हा पुन्हा आलेले पत्ते वगळावेत. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांपर्यंतचीच आकडेवारी राहते आणि तेथून थेट उतरवून घेतलेल्या तक्त्यात १००० पेक्षा अधिक ओळी येत नाहीत. मोठ्या वेबसाइटची माहिती विभागवार फिल्टर लावून किंवा एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमद्वारे थेट मागवून, घ्यावी लागते. प्रतिमा आणि पीडीएफ फाइली बहुतेक वेळा विसरल्या जातात, त्या आठवणीने घ्याव्यात. प्रत्येक पत्त्यासमोर क्लिक आणि बाहेरून आलेल्या लिंका नोंदवल्या, म्हणजे कोणती पाने गमावून चालणार नाही हे स्पष्ट होते.

यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ आहे आणि त्यात घाई करू नये असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच आशयाचा नवा पत्ता लिहावा आणि त्यानुसार सर्व्हरवरच कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ क्रमांकाचे, रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्याकडे वळवणाऱ्या सूचना) तयार ठेवावेत; ३०२ हा क्रमांक बदल तात्पुरता असल्याचे सांगतो, त्यामुळे तो येथे वापरू नये. कंटाळून सगळी जुनी पाने मुखपृष्ठाकडे वळवण्याचा मोह अनेकांना होतो. अशा रीडायरेक्टला गूगल बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ समजते, म्हणजे पान अस्तित्वातच नाही असे धरते, आणि त्या पानाची जमलेली पत वाया जाते. ज्या पानाला खरोखर पर्याय नाही, तेथे ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान कायमचे काढले आहे) असे स्पष्ट उत्तर देणेच योग्य. आधीच्या एखाद्या स्थलांतराचे रीडायरेक्ट शिल्लक असतील तर तेही शोधून थेट अंतिम पत्त्याकडे वळवावेत. एकामागून एक रीडायरेक्ट असतील तर गूगलचा क्रॉलर (पाने वाचणारा प्रोग्रॅम) १० टप्प्यांपर्यंत जातो, पण प्रत्येक टप्प्यागणिक वाचकाला थांबावे लागते. पत्त्यांत देवनागरी अक्षरे असल्यास एक बारीक काळजी घ्यावी : त्यांच्या सांकेतिक रूपात एकेका अक्षरचिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात, आणि एकाच पानाच्या पत्त्याची देवनागरी व सांकेतिक ही दोन रूपे यादीत वेगळी पाने म्हणून मोजली जाऊ शकतात.

डोमेन, मांडणी, मजकूर आणि शीर्षके हे सारे एकाच दिवशी बदलू नये. रँकिंग घसरले तर नेमके कशामुळे, हे मग सांगता येत नाही. शक्य असेल तर डोमेन आधी बदलावे आणि मजकुरातील सुधारणा स्थिरता आल्यावर हाती घ्याव्यात.

नव्या वेबसाइटची चाचणीची प्रत पासवर्डमागे ठेवावी. केवळ रोबॉट्स फाइलवर विसंबू नये, कारण ती क्रॉलरला पान वाचण्यापासून अडवते, पत्ता निकालांत येण्यापासून नव्हे. शिवाय अडवलेल्या पानावरील ‘नोइंडेक्स’ (हे पान निकालांत दाखवू नका) ही सूचना क्रॉलरला दिसतच नाही. चाचणीसाठी लावलेले हे सर्व अडथळे प्रकाशनाच्या दिवशी कोण काढणार, त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरवावे. कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता हे सांगणारे), अंतर्गत लिंका आणि भाषावार पाने जोडणारे टॅग जुन्या किंवा चाचणीच्या डोमेनकडे बोट दाखवत नाहीत ना, हेही त्याच वेळी तपासावे.

मोबाइलवरील आवृत्ती वेगळी पाहावी, कारण गूगल तिच्यातीलच मजकूर ग्राह्य धरते. वेगाचे मापदंड ठरलेले आहेत : मुख्य आशय २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणी हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा.

दोन्ही डोमेनची मालकी सर्च कन्सोलमध्ये सिद्ध करावी आणि ती डीएनएसमधील, म्हणजे डोमेनचे नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या यंत्रणेतील, नोंदीद्वारे करावी. फाइल ठेवून केलेली सिद्धता रीडायरेक्ट लागल्यावर तुटू शकते आणि नेमक्या गरजेच्या वेळी जुन्या डोमेनचा अहवाल बंद होतो. नवे डोमेन पूर्वी दुसऱ्या कोणी वापरलेले असेल तर त्याच्यावर मॅन्युअल ॲक्शन (नियमभंगाबद्दल गूगलने केलेली कारवाई) नाही ना, हे मालकी मिळताच पाहावे.

प्रकाशनासाठी वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी आणि डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ साठवून वापरायची ती मुदत) काही दिवस आधी कमी करून ठेवावा. रीडायरेक्ट सुरू झाल्यावर यादीतील महत्त्वाचे पत्ते एकेक करून उघडून पाहावेत, मग नवा साइटमॅप सादर करावा (एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि ५० एमबी ही मर्यादा आहे) आणि सर्च कन्सोलमधील ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ची, म्हणजे डोमेन बदलल्याचे गूगलला कळवणारी, विनंती नोंदवावी. ज्या वेबसाइटनी सर्वाधिक मोलाच्या लिंका दिल्या आहेत, त्यांना नवा पत्ता कळवणारे पत्रही आधीच लिहून ठेवलेले असावे. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असे गूगल सांगते. मी मात्र ते कायम ठेवण्याचाच आग्रह धरेन, आणि त्यासाठी जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाचा खर्च पुढील वर्षांच्या अंदाजपत्रकात आजच धरावा.