स्क्रॅच कार्डवरची एमसीक्यू चाचणी: या चुका टाळा

एफवायबीएस्सीच्या रसायनशास्त्राच्या इंटर्नलला मी स्क्रॅच कार्ड वापरते. प्रश्नापुढे चार झाकलेले चौकोन. नाण्याने एक खरवडायचा, चांदणी दिसली की उत्तर बरोबर. नाहीतर विचार करून दुसरा. अमेरिकेतल्या रायडर विद्यापीठातले मायकेल एप्स्टाइन यांची ही पद्धत. पुण्यातले सहकारी हल्ली तिच्याबद्दल विचारतात, म्हणून आमच्या चुका सांगते.

नारायण पेठेतल्या एका प्रेसमधून कार्डं छापून घेतली. चांदण्यांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे पर्यायांचा क्रम कार्डाप्रमाणे लावावा लागतो. सातव्या प्रश्नात आमच्याकडून ब आणि क यांची अदलाबदल झाली. ज्यांना उत्तर पक्कं येत होतं तीच मुलं हादरली, आणि पुढचे सोपे प्रश्नही त्यांनी घाबरत सोडवले. आता पेपर झेरॉक्सला जाण्याआधी एक सहकारी खरोखर कार्ड खरवडून तो सोडवतो. चाचणी चालू असताना चूक सापडली तर तिथल्या तिथे फळ्यावर लिहा आणि सर्वांना पूर्ण गुण द्या.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खरवडीत चांदणी सापडली तर गुण अनुक्रमे ४, २, १, ० असे देऊ नका. डोळे मिटून खरवडणाऱ्यालाही सरासरी पावणेदोन, म्हणजे जवळपास ४४ टक्के मिळतात. आपलं पासिंग ४० टक्क्यांना! ४, १, ०, ० ठेवलं की तोच आकडा ३१ वर येतो.

सगळ्यात जास्त कष्ट चुकीच्या पर्यायांवर घ्या. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांपैकी पहिली आयनीकरण ऊर्जा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) कोणाची सर्वाधिक? ‘आवर्तसारणीत उजवीकडे वाढते’ एवढंच पाठ असलेली मुलं ऑक्सिजन खरवडतात. चांदणी नाही! मग नायट्रोजनचं अर्धं भरलेलं, म्हणून जास्त स्थिर २पी उपकवच आठवतं आणि ती त्याच्याकडे येतात. तो अर्धा मिनिट मला अख्ख्या तासाच्या लेक्चरपेक्षा मोलाचा वाटतो. पर्यायांत हेलियम (ज्याची ही ऊर्जा सगळ्यात जास्त) टाकला असता तर हे घडलंच नसतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी वेळही ठेवा: पूर्वी तासाला तीस प्रश्न द्यायचे, आता वीस.

एका बाकावर दोघं असतील तर शेजाऱ्याची चांदणी दिसते. दोन वेगळ्या साच्यांची कार्डं छापून घ्या.

आणि एकावर एक अवलंबून असलेली गणितं सवयीने टाळू नका. इथे पहिल्या पायरीचं बरोबर उत्तर हाती आल्यावरच मूल दुसऱ्या पायरीकडे वळतं. मी बफरच्या (पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणाच्या) गणितात आधी क्षार आणि आम्लाचं गुणोत्तर विचारते, मग पीएच.