तेलाचा डबा आणि विरजणाची वाटी: प्रतिकारशक्तीसाठी स्वयंपाकघरात काय करायचं

‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं छापलेलं तेल किंवा कॅप्सूल घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. जंतू शिरला की शरीरात दाह पेटावा लागतो आणि काम उरकलं की तो विझावाही लागतो. पेटलाच नाही तर संसर्ग पसरतो, विझलाच नाही तर सांधे, आतडी, रक्तवाहिन्या पोळत राहतात. म्हणून नुसतं ‘वाढवून’ भागत नाही. ताटातली चरबी या दोन्ही बाजूंना हात घालते.

आपण खातो ती चरबी पेशींच्या आवरणात जाऊन बसते, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्याही. करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांत ओमेगा-६ हा चरबीचा प्रकार भरपूर असतो. त्यापासून शरीर जे पदार्थ बनवतं, त्यांतले बरेचसे ताप आणि सूज आणतात, पांढऱ्या पेशींना जखमेपाशी बोलावतात. माशांतलं ओमेगा-३ त्या जागी बसलं की हा गजर सौम्य वाजतो, आणि त्यापासून बनणारे काही पदार्थ दाह आवरतं घ्यायला मदत करतात. संधिवातात मासळीच्या तेलाचा उपयोग होतो तो याचमुळे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मासळीच्या तेलावर वाढवलेल्या उंदरांना लिस्टेरिया या जंतूचा संसर्ग दिला, तेव्हा ते इतर उंदरांपेक्षा जास्त दगावले. आठवड्यातून दोनदा बांगडा खाऊन माणसाचं असं होत नाही, प्रयोगातलं तेलाचं प्रमाण ताटापेक्षा कितीतरी जास्त असतं. मात्र मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका.

आधी तेलाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या ताटाच्या आराखड्यात, 2000 कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून माणशी रोज 27 ग्रॅम धरलं आहे. म्हणजे जवळपास सहा सपाट चहाचे चमचे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅमच तेल असतं, तेव्हा तूप-लोणी धरून साडेतीन पिशव्या. महिन्याच्या एक तारखेला त्यातून तूप-लोणी वजा करून उरेल तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढा आणि डबा कितव्या दिवशी तळ दाखवतो ते पाहा. विसाव्या दिवशी दाखवला, तर कोणतं तेल चांगलं हा वाद नंतर घाला. आधी फोडणीची पळी बदला, कारण पळीने ओतलेलं तेल कधीच मोजलं जात नाही.

उलट्या टोकाला बिनतेलाचा स्वयंपाकही नको. नाक, घसा, आतडी यांचं अस्तर धड राहायला अ जीवनसत्त्व लागतं आणि गाजर, पालक, लाल भोपळा यांतलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर ते बनवतं, चरबीशिवाय नीट शोषलं जात नाही. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी किंवा मूठभर दाण्याचं कूट एवढ्याने काम होतं.

शेंगदाणा तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसतंच. मोहरी आणि सोयाबीनच्या तेलात असतं. ज्या घरात शेंगदाणा किंवा सूर्यफूलच चालतं, त्यांनी जवसाची चटणी करावी. 100 ग्रॅम जवस मंद आचेवर सतत हलवत भाजा. तडतड सुरू झाली की चार-पाच मिनिटांत उतरवा, काळे पडू देऊ नका. आठ-दहा सुक्या मिरच्या, तितक्याच लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं वेगळं परतून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. एकसलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. रोज दोन चमचे पुरे. अख्खे जवस गिळण्यात अर्थ नाही, बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून थोडंच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. तेलरंगासारखा वास आला की फेकून द्या.

जवसातलं ओमेगा-३ शरीराला बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं थोडंच बदलतं. मासळी खाणाऱ्यांना तारली आणि बांगडा हा सरळ रस्ता आहे, तोही स्वस्त. कालवण करा. भरपूर तेलात तळलं की माशातली चरबी कढईत उतरते आणि कढईतली माशात शिरते.

तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. फेस धरू लागलं, चिकट झालं किंवा लवकर धुरायला लागलं, तर त्याचं आयुष्य संपलं.

तुपाबद्दल एक समजूत फार पसरली आहे: तुपात ब्युटिरिक आम्ल असतं, म्हणून ते आतड्यांचं अस्तर पोसतं. आम्ल असतं हे खरं, पण ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला जे ब्युटिरेट, म्हणजे याच आम्लाचं रूप, लागतं, ते तिथले जंतू न पचलेल्या तंतूंपासून जागेवर बनवतात. त्यासाठी डाळी, उसळी, ज्वारी, कांदा-लसूण, थोडं कच्चं केळं हवं. तूप चवीला खा.

दही: त्यातले जंतू जिवंत हवे असतील तर

अर्धा लिटर दूध उकळा आणि मंद आचेवर आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. दही घट्ट लागतं ते याच मिनिटांमुळे. मग 40 ते 45 अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत मोजा. ऊब चांगली जाणवावी, पण बोट काढावंसं वाटू नये. उन्हाळ्यात एक चहाचा चमचा विरजण, थंडीत दोन. विरजण आधी वाटीत दोन चमचे दुधात मोडून मग मिसळा. सहा ते आठ तास न हलवता ठेवा. थंडीत दहा-बारा तास लागतात, भांडं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यात ठेवावं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

बिघडतं ते बहुधा असं:

- लागलंच नाही: दूध फार गरम असताना विरजण घातलं आणि जंतू मेले, किंवा दूध गार होतं. दोन्ही नसेल आणि विरजण ताजं असेल, तर जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात असू शकतो. दुसरीकडचं दूध घेऊन पाहा.
- तार सुटते: कमी उबेत दुसऱ्याच जातींनी जोर धरला. दही खाऊन टाकायला हरकत नाही, पण त्याचं विरजण पुढे नेऊ नका.
- पाणी सुटलं, आंबट झालं: जास्त वेळ बाहेर राहिलं किंवा विरजण जास्त झालं.
- कडवट झालं: विरजण जुनं. नवं आणा.
- गुलाबी, हिरवट किंवा केसाळ ठिपका: वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका.

आता हे जिवंत दही मारायचं नाही. कढीत जंतू मरतात, कढी म्हणून ती उत्तमच, पण तिच्याकडून जंतूंची अपेक्षा नको. इडलीचं पीठ आंबतं, वाफेत सगळं संपतं. नाचणीची आंबील शिजवून कोमट झाल्यावर ताक घातलं तर जंतू टिकतात, ताक घालून उकळली तर नाही. दहीभाताची फोडणीही थोडी निवल्यावर घाला. चक्का फडक्यात फ्रिजमध्ये टांगा, चांगला होतो आणि आंबत नाही.

रोज एक-दोन वाट्या दही किंवा ताक, जेवणाबरोबर. जंतू आतड्यात कायमचे बिऱ्हाड करत नाहीत, खाणं थांबलं की थोड्याच दिवसांत निघून जातात. महिन्यातून एकदा ताक पिऊन काही साधत नाही.

जंतूंची कॅप्सूल कधी

शास्त्राच्या भाषेत प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर फायदा करतात असे जिवंत जंतू. घरच्या दह्यात कोणती जात किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून औषध म्हणून त्यावर विसंबता येत नाही. पाकिटावर जंतूचं पूर्ण नाव हवं, शेवटच्या अक्षर-अंकांसकट, आणि जिवंत जंतूंची संख्या मुदत संपेपर्यंतची हवी, बनवतानाची नव्हे. फायदा त्या-त्या वाणाचा, म्हणजे जातीतल्या ठरावीक उपप्रकाराचा, असतो. ओडिशातल्या खेड्यांत 4556 नवजात बाळांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक वाण त्याच्या खाद्यासह सात दिवस दिला. जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. त्या आधारे दुकानातली दुसरीच पुडी बाळाला देऊ नये.

मोठ्यांत सगळ्यात भक्कम उपयोग प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांवर आहे. डॉक्टरांनी सुचवलं असेल तर पहिल्या दोन दिवसांतच सुरू करा आणि प्रतिजैविकाची गोळी व जंतूंची कॅप्सूल यांत दोन तास सोडा. काही कॅप्सूलींत असणारी सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट आहे, जंतूंवरच्या प्रतिजैविकाने ती मरत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक चालू असेल तर दही-दुधाची गाठ त्याच्याशी घालू नका. कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. गोळी दह्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. गोळ्या संपल्यावर आणखी चार महिने कॅप्सूल ओढत राहू नका. 2018 मधल्या एका अभ्यासात अशा कॅप्सूलींनी आतड्यातल्या मूळ जंतूंचं परतणं लांबलं होतं.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी असलेले आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं यांच्यात हेच जंतू रक्तात उतरू शकतात. गंभीर स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी 16 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 6 टक्के. अशा माणसाला घरचं दही द्यायचं की नाही, हेही त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायचं, कारण आपल्या विरजणात कोण-कोण राहतं याची यादी घरात कुणाकडेच नसते.